दोन्ही नावांची व्यक्ती एकच

डिसेंबर 2022 ची पेन्शन खात्यात आलीच नाही. नवीन वर्ष लागलं तरी मोबाईलवर मेसेज नाही. चार दिवस वाट बघितली. पाचव्या दिवशी आईच्या बीपीच्या गोळ्या संपल्या, तेव्हा पासबुक पिशवीत टाकलं आणि पहिल्या बसने बेळगावात आलो.

पुढे जायच्या आधी एक सांगतो. मी बाई आहे, आणि तरी ‘आलो’, ‘सांगतो’ असं लिहितोय. आमच्या बेळगाव भागात, तिकडे कोल्हापुरातसुद्धा, बाया असंच बोलतात. माझी आई जन्मभर ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणत आली. पुण्याकडचे पाहुणे तिला हसायचे, पण माझ्यासाठी तो आधार होता. घरात आईच्या आणि माझ्या बोलण्यात क्रियापदाचं अंतर कधी पडलं नाही. म्हणून इथेही आईसारखंच लिहिणार.

बँकेत काउंटरवरच्या मुलाने पासबुकावरचा फोटो बघितला. बारीक कापलेले केस, मिशी, गळ्यापर्यंत लावलेलं बटण. मग त्याने वर बघितलं. मी सुती साडीत, केस मागे बांधलेले.

“हे तुमचे मिस्टर काय?”

मी तोंड उघडायच्या आत त्याने आवाज खाली आणला. “कधी वारले? मृत्यूचा दाखला आणा मॅडम, मी फॅमिली पेन्शनचा फॉर्म काढून ठेवतो. तुमचे पैसे कुठं जात नाहीत.”

मुलगा वाईट नव्हता. त्याच्या बोलण्यात कळवळा होता, पण तो हवालदाराच्या विधवेसाठी. हवालदार समोर आहे हे त्याच्या मनाला शिवलंही नाही. मी पासबुक परत घेतलं, बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि बराच वेळ उठलो नाही. माझ्याच मरणाचा दाखला मी कुठून आणणार होतो?

आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, चंदगडच्या वाटेवर. भात, रताळी, थोडे काजू, आणि घरटी एक माणूस मिल्ट्रीत. मराठा लाईट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर 1922 पासून बेळगावात आहे. आमच्याकडच्या पोरांना शाळेचं मैदान कळायच्या आधी सेंटरचं मैदान कळतं. 2003 मध्ये मी तिथंच भरती झालो. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, एकदा वर्दी अंगावर चढली की आतलं सगळं गप्प बसेल. ते गप्प बसलं नाही, फक्त शिस्तीत राहिलं.

फौजेला नावं ठेवायला हे लिहीत नाही. जम्मू-काश्मीर, राजस्थान, अरुणाचल, सगळीकडे मी मनापासून नोकरी केली, आणि तिथं मला माणसं मिळाली. एका युनिटात बडाखान्याला जवानांनी लावणी बसवली. अंगाने सडपातळ म्हणून साडी माझ्या वाट्याला आली. साताऱ्याच्या एका जवानाने मला निऱ्या घालून दिल्या, पिना लावल्या, कपाळाला कुंकू टेकवलं. पाच-सात मिनिटांचा नाच. टाळ्या, शिट्ट्या, मग जेवण. रात्री सगळे झोपल्यावर मी बाथरूमच्या आरशासमोर उभी होतो, काजळ पुसायला हातात खोबरेल तेलाची बाटली. पुसवत नव्हतं. पहाटे पीटी होती. शेवटी पुसलं, पण पापण्यांच्या मुळाशी बारीक रेघ राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती होती आणि कुणाच्या लक्षात आली नाही. ती रेघ माझ्या आयुष्यातली पहिली खरी गोष्ट होती असं मला आजही वाटतं.

ऑक्टोबर 2017 मध्ये बातमी आली, लिंगबदल शस्त्रक्रिया करून घेतली म्हणून नौदलाने एका खलाशाला सेवेतून कमी केलं. बराकीत कुणीतरी ती मोठ्याने वाचून दाखवली. माझे हात बुटाला पॉलिश करत होते, ते तसेच करत राहिले. त्या दिवशी ठरवलं, पेन्शनपुरती वर्षं झाली की बाहेर पडायचं. 2020 मध्ये 17 वर्षांची सेवा करून, हवालदार म्हणून, स्वतःच्या अर्जाने घरी आलो.

गावाने मला बघितलं आणि गावाजवळ त्याचं उत्तर तयार होतं. आमचा जिल्हा सौंदत्तीच्या यल्लम्माचा. केस वाढले, चाल सैल झाली, तशी भावकी आईला सांगायला लागली, “आईचं बोलावणं हाय. सौंदत्तीला ने, परडी घेऊ दे, नाहीतर घराला त्रास होईल.” जोगतीण, म्हणजे यल्लम्माला वाहिलेली, म्हणून त्यांनी मला मान्य केलं असतं, दारात आल्यावर सूपभर तांदूळही घातले असते. त्यात द्वेष नव्हता हे मला मान्य करायला पाहिजे. कितीतरी शहरांत आमच्यासारख्यांना तेवढीही जागा नाही. पण सतरा वर्षं सरकारची नोकरी केलेली बाई त्यांच्या कुठल्याच खणात बसत नव्हती. परडी घेतली की हवालदार पुसला जायचा. हवालदार राहायचं तर मिशी ठेवायला लागायची.

आईच्या समाधानासाठी भरत पुनवेला सौंदत्तीला गेलो. डोंगर भंडाऱ्याने पिवळा झालेला, चौंडक्याचा आवाज, ‘उदो गं आई उदो’. तिथे एक म्हातारी जोगतीण भेटली, मराठी-कानडी मिसळून बोलणारी. तिने विचारलं, “पोटाला काय करतेस?” म्हटलं, मिल्ट्रीची पेन्शन आहे. तिने माझा हात धरला आणि सोडेचना. “आमाला आई हाय. तुला सरकार हाय. सोडू नको.” तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या अजून डोळ्यांपुढे आहेत. परडी न घेता मी परत आलो, आणि कागदांच्या मागे लागलो.

15 एप्रिल 2014 ला सुप्रीम कोर्टाने तृतीयपंथीयांच्या हक्काच्या नालसा खटल्यात सांगितलं की आपण बाई, बाप्या की तृतीयपंथी हे ज्याचं त्याने ठरवायचं. 2019 चा तृतीयपंथी हक्क संरक्षण कायदा 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला, सप्टेंबर 2020 मध्ये नियम आले, नोव्हेंबरात केंद्राचं पोर्टल सुरू झालं. मी अर्ज केला त्या 2022 मध्ये नियम असा होता: जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचं. अर्जाआधी सलग बारा महिने त्या जिल्ह्यात राहिलेलं असायला लागायचं. वैद्यकीय तपासणी लागत नव्हती, हे नियमात स्पष्ट लिहिलं होतं. तीस दिवसांत प्रमाणपत्र मिळायला हवं होतं. त्या प्रमाणपत्रावर बाकीच्या सगळ्या कागदांतलं पहिलं नाव बदलता यायचं. लिंगाच्या रकान्यात मात्र ‘तृतीयलिंगी’ यायचं. नुसतं ‘स्त्री’ हवं असेल तर शस्त्रक्रियेनंतर पुन्हा वेगळा अर्ज. माझ्या शरीराबद्दल इथे काही लिहिणार नाही, ते माझं आहे.

फेब्रुवारी 2022 मध्ये प्रतिज्ञापत्र टाईप करायला कोर्टाजवळ गेलो. छत्रीखाली टेबल, त्यावर कॉम्प्युटर, मागे पन्नाशीचा माणूस. दिवसाला शंभर अ‍ॅफिडेव्हिटं करणारा, त्याची बोटं आपोआप चालतात. माझं नवं नाव टाईप झालं आणि बोटं थांबली.

“पुढं काय घालू? सन ऑफ की डॉटर ऑफ?”

मागे लोक उभे होते. जमिनीच्या वादातले, बँकेच्या कर्जातले, एक नवरा-बायको. सगळ्यांनी ऐकलं. बाबा 2014 मध्ये गेले. मी भरती झालो त्या दिवशी त्यांनी सेंटरच्या गेटाबाहेर फेटा काढून हातात घेतला होता आणि मी आत वळेपर्यंत घातला नव्हता. मनात म्हटलं, बाबा, आता काय बोलू? तोंडातून निघून गेलं, “डॉटर ऑफ.” त्याने मान हलवली आणि सहा-सात बटणं दाबली. पुढे बाबांचं नाव आलं. प्रिंट गरम होती. मी ती घडी न घालता, छातीशी उभी धरून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत नेली.

तिथून पुढे चार महिने लागले. मधल्या एका कार्यालयात एका टेबलावर अर्ज अडला. “डॉक्टर सर्टिफिकेट बेकु.” म्हणजे पाहिजे. मी नियमाची प्रिंट काढून त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारून नेली होती. ती त्यांनी बघितली नाही, मलाच बघत राहिले. चार वेळा गेलो. एकदा दुपारभर बाकावर बसवून ठेवलं आणि साडेपाचला सांगितलं, उद्या या. आमचं गाव दीड तासावर आहे हे त्यांना सांगितलं होतं.

आमच्या भागात कानडीचं नाव काढलं की लोकांच्या मनात 1956 पासूनचं सगळं उभं राहतं. माझ्या घरातही ते आहे, काका काळ्या दिनाच्या फेरीला जायचे. पण त्या टेबलासमोर कानडीनेच मला एक गोष्ट दिली. कानडीत ‘नानु बंदे’ म्हणजे मी आलो, आणि मी आले, दोन्ही. बोलणारा बाप्या की बाई हे ‘मी’च्या क्रियापदातून कळत नाही. मी मोडक्या कानडीत बोलत होतो, पण खोटं काही बोलावं लागत नव्हतं. त्यांच्या सरकारी कागदात आम्हाला ‘लिंगत्व अल्पसंख्यातरु’ म्हणतात. लांबलचक शब्द आहे, पण त्यात शिवी नाही. पाचव्या खेपेला एका महिला अधिकाऱ्यांनी माझी पेन्सिलची रेघ वाचली, दोनदा वाचली, आणि फाईल पुढे पाठवली. जूनमध्ये प्रमाणपत्र आणि ओळखपत्र हातात आलं. आईने ते उदबत्तीसमोर ठेवलं. नाव तिला वाचता येत नाही. ती फोटोवरून बोट फिरवत म्हणाली, “माझ्या आईगत दिसतीस की.”

आता माझी चूक सांगतो, कारण दुसऱ्या कुणी माजी सैनिकाने हे वाचलं तर तिचे किंवा त्याचे महिने वाचतील. हुरूप होता, म्हणून ऑगस्टमध्ये आधी आधार बदललं, मग पॅन. पेन्शनच्या कागदांना हात लावला नाही, ते सावकाश करू म्हटलं. त्याच वर्षी माझी पेन्शन ‘स्पर्श’ या फौजेच्या पेन्शनच्या ऑनलाईन प्रणालीवर गेली. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो आधारवरून जातो. आधारला नवं नाव, पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, जुनं. दाखला जुळला नाही आणि नाकारला गेला. यंत्राच्या दृष्टीने जुन्या नावाचा माणूस जिवंत असल्याचा पुरावा उरला नाही, आणि नव्या नावाच्या बाईला कधी पेन्शन मंजूरच झाली नव्हती. म्हणून सांगतो: पेन्शनर असाल तर प्रमाणपत्र मिळाल्यावर पहिला अर्ज आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला करा, त्याची पोच घ्या, आणि त्या वर्षीचा हयातीचा दाखला देऊन झाल्यावरच आधारला हात लावा.

बँकेच्या पायरीवरून उठून त्या दिवशी मी माजी सैनिकांचं काम बघणाऱ्या एका कार्यालयात गेलो. दारात पाय अडखळले. आत सगळे आपलेच, ओळखीची चाल, ओळखीच्या मिशा. टेबलामागे पेन्शनीतले एक सुभेदार साहेब होते, मराठा रेजिमेंटचेच. मी साडीत सावधान उभी राहिलो आणि नाव न सांगता आर्मी नंबर सांगितला. सांगताना आवाज सेंटरमधल्यासारखा निघाला. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. किती वेळ कोण जाणे. मग म्हणाले, “हवालदार, बसा.”

या दोन शब्दांनी काय केलं ते मला नीट सांगता येणार नाही. हवालदाराला बाप्या-बाई नसते. ‘बसा’लाही नसते.

मी डिस्चार्ज बुक पुढे ठेवलं. त्यात ओळखखुणांचा रकाना असतो. माझ्या नावासमोर हनुवटीखालचा व्रण लिहिलेला आहे, लहानपणी विळ्याने झालेला. साहेब उठून टेबलाला वळसा घालून आले. “मान वर करा.” मी मान वर केली. त्यांनी वाकून बघितलं, परत जागेवर जाऊन त्या ओळीवर बोट ठेवलं. “बरोबर आहे. माणूस तोच आहे.” मग कोरा कागद ओढून काय काय करायचं ते लिहून दिलं. राजपत्रित अधिकाऱ्यासमोर हजर राहून कागदी हयातीचा दाखला. जुन्या आणि नव्या नावाची व्यक्ती एकच असल्याचं अ‍ॅफिडेव्हिट, ऑफिसात त्याला ‘वन अँड सेम’ म्हणतात. वर्तमानपत्रात नाव बदलल्याची जाहिरात, एक इंग्रजी, एक मराठी. प्रमाणपत्राची प्रत. हे सगळं रेकॉर्ड ऑफिसमार्फत प्रयागराजला, जिथे फौजेच्या पेन्शनी मंजूर होतात. “वेळ लागेल. पण पाठपुरावा करायला तुम्हाला शिकवायला नको.”

‘वन अँड सेम’ करायला पुन्हा त्याच छत्रीखाली गेलो. टायपिस्टने ओळखलं. त्याने विचारलं नाही, सरळ ‘डॉटर ऑफ’ घातलं. मजकुरात वाक्य होतं, वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल एवढं खरं वाक्य कुणी लिहिलं नव्हतं, आणि ते होतं एका छापील नमुन्यातलं, कुणालाही लागू पडणारं. माझ्या सगळ्या खटाटोपाचा अर्थ तेवढाच होता. जुना माणूस मेला आणि नवी बाई जन्मली असं काही झालेलं नाही. बर्फात पहारा दिला तो मीच, आणि आज आईची वेणी घालतो तो मीच. 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावचं सरकारी नाव बदललं. माझ्या डिस्चार्ज बुकात शहराचं जुनं नाव आहे, आधारवर नवं. म्हणून कुणी डिस्चार्ज बुक खोटं ठरवलं नाही. मला माझ्यासाठी तेवढंच पाहिजे होतं.

मार्चमध्ये थकबाकीसह पेन्शन जमा झाली. मेसेज आला तेव्हा मी रताळ्याच्या वेलांना पाणी पाजत होतो. पीपीओवरच्या नावाचा कागद त्याच्या पुढे बरेच महिने फिरत राहिला. मी दर पंधरा दिवसांनी पत्र टाकत गेलो, प्रत्येक पत्रावर नंबर ठळक.

त्या तीन महिन्यांत मोबाईलवर खूप वाचलं. अमेरिकेत मोनिका हेल्म्स म्हणून एक आहेत, तिकडच्या नौदलात पाणबुडीवर नोकरी केलेल्या. तृतीयपंथीयांचा निळा-गुलाबी-पांढरा झेंडा त्यांनीच 1999 मध्ये तयार केला आणि 2003 मध्ये तिकडच्या तृतीयपंथी माजी सैनिकांची संघटना काढली. झेंड्याचे पट्टे असे लावलेत, की वरची बाजू खाली गेली तरी तो उलटा होत नाही. मी झेंडा फडकवायची ड्युटी केलेली आहे. झेंडा उलटा चढला तर काय होतं, आणि त्या भीतीने दोरी बांधताना हात कसे थरथरतात, हे मला माहीत आहे. हा विचार फौजेत राहिलेल्या माणसालाच सुचणार. तिचा आणि माझा काही संबंध नाही, पण तिच्याबद्दल वाचलं त्या रात्री मी एकटी नव्हतो.

आता महिन्यातून दोन-तीनदा मी कोर्टाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो. दुकानदाराने एक स्टूल माझ्यासाठी ठेवलंय. खानापूर तालुक्यातल्या एका पोराचा अर्ज भरला. त्याला पोलिसात जायचंय. कर्नाटकाने 2021 मध्ये सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांना 1 टक्का आरक्षण दिलं, असं करणारं देशातलं हे पहिलं राज्य. पण त्यासाठी आधी हातात प्रमाणपत्र पाहिजे. निपाणीकडच्या दोघी येऊन गेल्या. जे येतात त्यांना मी आधी त्यांची सगळी कागदं एका पिशवीत आणायला सांगतो, मूळ आणि झेरॉक्स वेगळी. टेबलावर कुणी अपमान केला तर तारीख आणि वेळ वहीत लिहायला सांगतो. आमच्यावर लैंगिक अत्याचार झाला तर 2019 च्या त्या कायद्याने जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षं ठेवली. बाईवर बलात्कार झाला तर कमीत कमी दहा. हा फरक मला सहन होत नाही, आणि जिथे जिथे बोलायला बोलावतात तिथे मी तो आकडा आधी सांगतो.

सौंदत्तीला भेटलेली ती म्हातारी जोगतीण मी पुन्हा शोधून काढली. तिला राज्याची तृतीयपंथीयांसाठीची ‘मैत्री’ पेन्शन मिळायला पाहिजे होती. वयाची अट उलटून गेली की काय तेच कळायला मार्ग नाही, कारण तिच्याजवळ जन्माचा कागद नाही, शाळेचा नाही, रेशन कार्डावर नाव नाही. देवीला वाहिल्यावर घरच्यांनी नाव काढून टाकलं. बारा महिने एका जागी राहिल्याचा पुरावा काय देणार? ती वर्षातले सहा महिने डोंगरावर, सहा महिने गावोगाव. गेल्या खेपेला मी तिचा हात हातात घेऊन विचारलं, तुझं जन्माचं नाव काय होतं? ती बराच वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, पुढच्या वेळी सांगतो.

मंगळवार आणि शुक्रवार ती जोगव्याला जाते, म्हणून आम्ही बुधवार धरलाय. टायपिस्टला सांगून ठेवलंय.